पाटीपासून प्रबंधापर्यंत

दसऱ्याला आपल्याकडे घरोघर पाटीपूजन होते. एकाचे आकडे ठराविक रीतीने मांडून पाटीवर सरस्वती काढावयाची, तिला गंध, फूल, अक्षता वाहावयाच्या आणि त्या दिवशी पुस्तकाला हात लावावयाचा नाही, ही प्रथा गोमंतकात आणि कोकणपट्टीत अजूनही टिकून आहे. गोव्यातील शाळांतून शारदोत्सव हा तर मुलांच्या वर्षातील मोठा सोहळा असतो. विद्येच्या आरंभाचे असे कोडकौतुक करणारा आपला समाज विद्येच्या शेवटच्या पायरीविषयी मात्र फारसा विचार करीत नाही. मुलगा वा मुलगी अभियंता झाली, संगणकाच्या कंपनीत लागली, म्हणजे आपले कर्तव्य संपले असे पालकांना वाटते. त्यापुढे पाच-सहा वर्षे एखाद्या प्रश्नाच्या मागे लागून प्रबंध लिहिण्याची इच्छा मुलाने व्यक्त केली, तर 'अजून किती शिकणार?' हा प्रश्न घरातील वडीलधारे हमखास विचारतात. हा प्रश्न चुकीचा नाही. पण त्याचे उत्तर नीट विचार करून दिले जात नाही, ही खरी अडचण आहे. माहिती तंत्रज्ञानातील डॉक्टरेटचा विचार आज आम्ही करीत आहोत तो त्याचसाठी. आणि त्याकरिता वाचकांना गोव्यापासून बरेच दूर, गोदावरीच्या काठी नेत आहोत.

तेलंगणातील निर्मल हे गाव लाकडी खेळण्यांसाठी आणि चित्रांसाठी देशभर प्रसिद्ध आहे. आपल्याकडे सावंतवाडीच्या खेळण्यांना आणि चिताऱ्यांच्या हस्तकौशल्याला जे स्थान आहे, तेच तेलुगू मुलखात निर्मलच्या नकाशांना, म्हणजे तेथील कारागिरांना आहे. पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात असलेले हे गाव ऑक्टोबर २०१६ पासून स्वतंत्र जिल्ह्याचे ठाणे झाले. याच जिल्ह्यात बासर येथे ज्ञानसरस्वतीचे क्षेत्र आहे. व्यासमहर्षींनी गोदावरीतील वाळू मुठीमुठीने आणून येथे देवीची स्थापना केली, अशी श्रद्धा आहे. वसंतपंचमीला आणि नवरात्रात येथे मुलांच्या अक्षराभ्यासासाठी एवढी गर्दी उसळते की, रांगेत उभ्या असलेल्या आईबापांच्या कडेवरच पोरे झोपी जातात. या रांगेत तेलुगूच्या जोडीला मराठीही सर्रास कानी पडते. त्यात नवल नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत मुधोळ तालुका नांदेड जिल्ह्यात होता. पुनर्रचनेत त्यातील मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही मंडळे आंध्र प्रदेशाकडे गेली आणि आदिलाबादचा किनवट तालुका नांदेडकडे आला. नकाशावरची रेघ सरकली. माणसे, सोयरिकी आणि बोली होत्या तेथेच राहिल्या. पेडणे-सावंतवाडी किंवा काणकोण-कारवार या पट्ट्यातील वाचकांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

खेड्यातल्या मुलांसाठी विद्यापीठ

या बासरलाच २००८ मध्ये राजीव गांधी ज्ञान तंत्रज्ञान विद्यापीठाचे संकुल सुरू झाले. तत्कालीन आंध्र प्रदेश शासनाने ग्रामीण मुलांसाठी बासर, नूझवीड आणि इडुपुलपाया अशा तीन ठिकाणी ही संकुले काढली. २०१४ मध्ये राज्याचे विभाजन झाले तेव्हा बासरचे संकुल तेलंगणाच्या वाट्याला आले. येथील रचना इतर अभियांत्रिकी महाविद्यालयांपेक्षा निराळी आहे. दहावीच्या गुणांवर प्रवेश द्यावयाचा, सरकारी शाळेत शिकलेल्या मुलांना गुणांत काही सवलत द्यावयाची आणि बारावीची दोन व पदवीची चार अशी सलग सहा वर्षे वसतिगृहात ठेवून त्यांना अभियंता करावयाचे, अशी ती योजना आहे. महागड्या खासगी शिकवण्यांचा खर्च ज्या घरांना पेलत नाही, त्या घरांतील मुलांना एका प्रवेशपरीक्षेच्या जुगारातून सोडविण्याचा हा प्रयत्न होता. तो सर्वस्वी यशस्वी झाला असे म्हणता येणार नाही. जून २०२२ मध्ये तेथील विद्यार्थ्यांना प्राथमिक सोयींसाठी अनेक दिवस आंदोलन करावे लागले होते. तरीही शेतकऱ्याच्या आणि मजुराच्या घरातील मुले तेथून संगणकशास्त्राची पदवी घेऊन बाहेर पडतात, ही गोष्ट लहान नाही.

या विद्यापीठाच्या कल्पनेमागे एक नाव ठळकपणे उभे आहे. डॉ. राज रेड्डी यांनी त्याच्या उभारणीत मोठा वाटा उचलला आणि त्याचे कुलपतीपदही भूषविले. १९३७ मध्ये चित्तूर जिल्ह्यातील कातूर या खेड्यात एका शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. महाविद्यालयाची पायरी चढणारे ते त्या घरातील पहिलेच. मद्रासच्या गिंडी येथील महाविद्यालयातून १९५८ मध्ये ते स्थापत्य अभियंता झाले, ऑस्ट्रेलियात पुढचे शिक्षण व नोकरी केली आणि मग अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे जॉन मकार्थी यांच्या मार्गदर्शनाखाली १९६६ मध्ये त्यांनी संगणकशास्त्रातील डॉक्टरेट मिळविली. संगणकशास्त्र हा स्वतंत्र विषय म्हणून विद्यापीठांत तेव्हा नुकता कोठे रुजत होता. रेड्डींचा विषय होता माणसाचे बोलणे यंत्राला कळावे कसे, हा. संगणक एका मोठ्या खोलीएवढा असताना, आणि त्याला भोकांची कार्डे घालून आज्ञा द्याव्या लागत असताना, या तरुणाने विचारलेला प्रश्न अनेकांना दिवास्वप्न वाटला असल्यास नवल नाही. १९९४ मध्ये त्यांना ट्युरिंग पारितोषिक मिळाले. आज गावातली निरक्षर आजी हातातल्या फोनला बोलून काही विचारू शकते, त्यामागे त्या प्रश्नाची दीर्घ परंपरा आहे.

रेड्डींचे उदाहरण आम्ही दिले ते कोणी सर्वांनी परदेशी जावे म्हणून नव्हे. डॉक्टरेट म्हणजे नेमके काय, हे त्यावरून स्पष्ट होते म्हणून. नोकरीत प्रश्न दुसरा देतो आणि उत्तर आपण शोधतो. संशोधनात प्रश्नच आपणाला शोधावा लागतो. तो आधी कोणी सोडविला आहे काय, हे तपासावे लागते. नसेल तर आपले उत्तर इतरांना पडताळून पाहता येईल अशा रीतीने मांडावे लागते. संगणकाचा एखादा कार्यक्रम लिहून तो चालला की नोकरीतले काम झाले. प्रबंधात तो का चालला, कोठे चालत नाही आणि याआधीच्या रीतीपेक्षा किती बरा आहे, हे सांगितल्यावाचून सुटका नसते. निर्मलचा नकाश किंवा सावंतवाडीचा चितारी शिकाऊ मुलाच्या हाती पहिल्याच दिवशी कुंचला देत नाही. तो आधी लाकूड ओळखावयास शिकवितो. संशोधनातील पहिली दोन वर्षे बहुधा अशीच जातात, आणि 'अजून काहीच हाती नाही' या विचाराने विद्यार्थी खचतो तोही याच काळात.

नियम आणि व्यवहार

आता व्यवहाराकडे वळू. विद्यापीठ अनुदान आयोगाने नोव्हेंबर २०२२ मध्ये पीएच. डी. चे नवे नियम जाहीर केले. त्यांनुसार या अभ्यासाला कमीत कमी ३ वर्षे आणि जास्तीत जास्त ६ वर्षे मिळतात; पुनर्नोंदणी केल्यास आणखी २ वर्षे. स्त्रियांना आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना त्याहून २ वर्षांची जादा सवलत आहे, तसेच प्रसूती व बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा आहे. आरंभी अभ्यासक्रमाचे वर्ग आणि त्यात संशोधननीतीचा भाग सक्तीचा आहे. प्राध्यापकाने एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाने ६ आणि साहाय्यक प्राध्यापकाने ४ विद्यार्थ्यांनाच मार्गदर्शन करावे, अशी मर्यादा आहे. प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंध छापून आलाच पाहिजे, ही पूर्वीची अट या नियमांनी काढून टाकली. नोकरी करता करता अर्धवेळ संशोधन करण्याची मुभाही दिली. मात्र त्यासाठी कामाच्या ठिकाणाहून ना हरकत पत्र आणावे लागते. माहिती तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात, जेथे बहुतेक हुशार मुले पदवी हाती पडताच नोकरीला लागतात, तेथे ही मुभा महत्त्वाची आहे.

पैशाचा विचार टाळून चालणार नाही. राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती मिळविणाऱ्याला जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आणि दोन वर्षांनंतर ४२,००० रुपये ठरले. घरभाडे भत्ता निराळा. एकट्या माणसाला ही रक्कम पुरेशी आहे. परंतु ज्या मुलाच्या पगाराकडे मागे राहिलेली दोन भावंडे, बापाच्या डोक्यावरचे कर्ज आणि गळके घर डोळे लावून बसले आहे, त्याला ती पुरत नाही; शिवाय ती सर्वांना मिळत नाही आणि मिळालेली रक्कम वेळेवर हाती पडेलच याची खात्री देता येत नाही. बासरच्या संकुलातून बाहेर पडणाऱ्या मुलापुढे जो पेच आहे, तोच सत्तरी, सांगे किंवा केपे येथील घरातून फर्मागुढीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात गेलेल्या मुलापुढेही आहे. हुशारी वाटताना निसर्गाने श्रीमंत-गरीब असा भेद केला नाही. वेळ वाटताना समाजाने मात्र तो केला. पाच वर्षे थांबण्याची ऐपत ज्याला आहे त्यानेच संशोधन करावे, अशी व्यवस्था राहिली तर प्रश्नही त्याच घरांतले विचारले जातील.

मुलींच्या बाबतीत हा पेच दुहेरी होतो. एम. टेक. होईपर्यंत घरचे कौतुक करतात. पुढचे नाव काढले की, स्थळ मिळण्याची काळजी सुरू होते. नियमांनी सवलतीची २ वर्षे दिली आहेत, पण नियम स्वयंपाकघरात शिरत नाहीत. १९६५ मध्ये अमेरिकेत संगणकशास्त्राची डॉक्टरेट मिळविणाऱ्या अगदी पहिल्या व्यक्तींत मेरी केनेथ केलर या एका जोगिणीचा समावेश होता, हे येथे सांगण्यासारखे आहे. या विद्येचा जन्मच जणू एका स्त्रीच्या साक्षीने झाला. तिचा वारसा सांगण्याचा हक्क आमच्या मुलींना नाही, असे कोण म्हणेल?

पदवी आणि विद्या

एवढे सांगितल्यावर दुसरी बाजूही निःसंकोचपणे सांगितली पाहिजे. डॉक्टरेट ही बढतीची शिडी झाल्यापासून तिचा बाजारही उभा राहिला आहे. प्रबंध लिहून देणारी माणसे, पैसे घेऊन वाटेल ते छापणारी नियतकालिके आणि डोळे मिटून सही करणारे मार्गदर्शक यांची साखळी देशात ठिकठिकाणी आढळते. आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्याविरुद्ध नियम केले. १० टक्क्यांपर्यंतचे साम्य क्षम्य, त्यापुढे पायरीपायरीने शिक्षा आणि ६० टक्क्यांवर साम्य आढळल्यास नोंदणीच रद्द, अशी तरतूद त्यात आहे. जानेवारी २०२५ मध्ये राजस्थानातील तीन विद्यापीठांना पीएच. डी. चे प्रवेश पाच वर्षे देण्यास आयोगाने मनाई केली, ती नियम धाब्यावर बसविल्याच्या कारणाने. केवळ नावामागे दोन अक्षरे लागावीत म्हणून जो या वाटेला जातो, त्याने एक गोष्ट लक्षात घ्यावी. साहाय्यक प्राध्यापकाच्या जागेसाठी नेट, सेट वा स्लेट ही किमान पात्रता आणि पीएच. डी. ऐच्छिक, असे आयोगाने २०२३ मध्ये ठरविले. तेव्हा निव्वळ नोकरीचे दार उघडण्यासाठी ही तपश्चर्या करावयाची असेल, तर न केलेली बरी.

पदवी आणि विद्या या दोन भिन्न गोष्टी आहेत, याचा पुरावा आपल्याच मातीत आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी हे गोव्यातील कोसंबे येथे १९०७ मध्ये जन्मले आणि हार्वर्डमधून १९२९ मध्ये पदवी घेऊन परतले. डॉक्टरेटचा रीतसर मार्ग त्यांनी धरला नाही. परंतु आनुवंशिकीत १९४४ पासून त्यांच्या नावाचे सूत्र वापरले जाते, आणि प्राचीन भारताचा इतिहास कसा वाचावा हे त्यांनी एका पिढीला शिकविले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत असताना १९४८-४९ मध्ये युनेस्कोची छात्रवृत्ती घेऊन ते इंग्लंड-अमेरिकेत गेले, ते इलेक्ट्रॉनिक गणनयंत्रांचा अभ्यास करण्यासाठी. याच संस्थेत पुढे भारतीय बनावटीचा टिफरॅक संगणक तयार झाला आणि १९६० मध्ये तो रीतसर कार्यान्वित झाला. संगणकाचे नाव सामान्य माणसाच्या कानावरही आले नव्हते, तेव्हा एक गोमंतकीय त्याच्या मुळाशी जाऊन पाहत होता. कोसंबींसारखी प्रतिभा शतकातून एखाद्याला लाभते, म्हणून बाकीच्यांना रीतसर शिक्षणाची गरज आहे. पण त्या शिक्षणाने हाती काय यावयास हवे, हे मात्र कोसंबींकडे पाहून कळते.

प्रश्न कोठून आणावा?

माहिती तंत्रज्ञानात संशोधन करणाऱ्यापुढे आणखी एक संकट असते. त्याच्या पायाखालची जमीन सतत सरकते. यंत्राने भाषांतर कसे करावे, या विषयावर २०१४-१५ मध्ये ज्यांनी नोंदणी केली, त्यांच्या डोळ्यांदेखत २०१७ मध्ये ट्रान्सफॉर्मर नावाची नवी रचना पुढे आली आणि काही वर्षांतच जुन्या रीती अडगळीत गेल्या. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यावर तर अनेकांना आपला प्रबंध लिहून होण्यापूर्वीच शिळा झाला असे वाटले. ज्यांनी साधनालाच विषय मानले होते त्यांची ही गत झाली. ज्यांचा विषय खरा होता, त्यांनी नवे साधन हाती घेतले आणि जुनाच प्रश्न पुढे चालविला. शिवाय प्रचंड यंत्रसामग्री लागणाऱ्या शर्यतीत अमेरिकेतील बलाढ्य कंपन्यांशी निर्मलचा किंवा पणजीचा विद्यार्थी टक्कर देऊ शकणार नाही. भारत सरकारने मार्च २०२४ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी १०,३०० कोटी रुपयांहून अधिक खर्चाच्या योजनेला मंजुरी दिली, ही चांगली गोष्ट आहे. तरीही ती शर्यत विषमच राहणार.

मग आपल्या विद्यार्थ्याने प्रश्न आणावा कोठून? आमचे उत्तर असे की, आपल्या अंगणातून. आदिलाबाद जिल्ह्यातीलच गुंजाळा या गावी गोंडी भाषेतील जुनी हस्तलिखिते उजेडात आली. त्यांची लिपी वेगळीच होती. अभ्यासकांनी ती उलगडली आणि २०१८ मध्ये 'गुंजाळा गोंडी' या नावाने तिला युनिकोडमध्ये, म्हणजे जगातील सर्व संगणकांना मान्य असलेल्या लिपिसंकेतात, स्थान मिळाले. एका आडगावातील वहीतली अक्षरे जगभरच्या पडद्यांवर उमटण्यास पात्र झाली. त्या लिपीत लिहिलेले यंत्राला वाचता यावे, गोंडी वा कोलामी बोलणाऱ्या रुग्णाची व्यथा दवाखान्यातील यंत्राला समजावी, हे प्रश्न कॅलिफोर्नियात कोणाला सुचणार नाहीत. ते बासरच्या वसतिगृहात राहणाऱ्या, आईची बोली विसरू न शकणाऱ्या मुलालाच सुचू शकतात.

आपल्याकडे अशा प्रश्नांची वाण आहे काय? गोव्याचे पुराभिलेखागार १५९५ मध्ये स्थापन झाले. तेथे पोर्तुगीज दप्तरांच्या जोडीला गोयकानडी आणि मोडी लिपीतील कागद आहेत आणि ते वाचू शकणारी माणसे बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. हे कागद यंत्राने वाचावेत कसे, हा डॉक्टरेटला शोभेल असा प्रश्न आहे. आणि गावकीच्या जमिनीचा इतिहास त्यात दडलेला असल्यामुळे तो केवळ विद्वानांचा प्रश्न नाही. कोंकणी देवनागरी, रोमी, कन्नड अशा अनेक लिप्यांत लिहिली जाते. एका लिपीतले दुसरीत बिनचूक नेणे, बारदेशची, सासष्टीची आणि मालवणची बोली यंत्राने वेगवेगळी ओळखणे, ही कामे आहेत. गोवा विद्यापीठात कोंकणीचे शब्दजाल तयार झाले, आयआयटी मुंबईने भारतीय भाषांच्या शब्दजालांची मोट बांधली. म्हणजे वाट अगदीच अनोळखी राहिलेली नाही. खारफुटीचे मोजमाप, मासेमारीला निघालेल्या होडीला मिळणारी वादळाची सूचना, खाणींनंतरच्या जमिनीची नोंद, असे कितीतरी प्रश्न किनाऱ्यावर आणि डोंगरात पडून आहेत.

आपण काय करावे?

१९६१ पूर्वी उच्च शिक्षणासाठी गोमंतकीय मुलाला बेळगाव, पुणे किंवा मुंबई गाठावी लागत असे. त्यानंतर चित्र पालटले. १९८५ मध्ये गोवा विद्यापीठ झाले. २००४ मध्ये बिट्स पिलानीचे संकुल, २०१० मध्ये एनआयटी आणि २०१६ मध्ये आयआयटी गोव्यात आले. इमारतींची वाण राहिलेली नाही. वाण आहे ती या संस्थांच्या दारापर्यंत खेड्यातील मूल पोहोचेल आणि पोहोचल्यावर तग धरील, अशा आधाराची. राज्य शासनाने दरवर्षी थोड्या, परंतु वेळेवर मिळणाऱ्या छात्रवृत्त्या स्थानिक प्रश्नांवर काम करणाऱ्या संशोधकांसाठी ठेवाव्यात. आपली देवस्थाने, शिक्षणसंस्था आणि उद्योजक दहावी-बारावीच्या गुणवंतांचे सत्कार उत्साहाने करतात. त्या शाली-श्रीफळांतील काही भाग एखाद्या संशोधकाच्या तिसऱ्या, म्हणजे सर्वांत कठीण वर्षासाठी राखून ठेवला तर त्याचे मोल मोठे ठरेल. पुराभिलेखागार आणि विद्यापीठाचा संगणक विभाग यांनी एकत्र बसून प्रश्नांची यादी करावी. तिला खर्च काहीच नाही.

पालकांना आमचे सांगणे एवढेच आहे. मुलाने डॉक्टरेटची इच्छा बोलून दाखविली तर पगाराचा हिशेब जरूर विचारा, मार्गदर्शक कोण, छात्रवृत्ती किती, किती वर्षे, हेही विचारा. परंतु त्याआधी 'तुझा प्रश्न कोणता?' असे विचारा. त्याला उत्तर देता आले नाही, तर थांबण्याचा सल्ला द्या. उत्तर देताना तो तासभर बोलत राहिला आणि त्याचे जेवणाकडे लक्ष राहिले नाही, तर मात्र त्याची वाट अडवू नका.

बासरच्या देवळात आणि आपल्या घरातल्या देव्हाऱ्यापुढे मुलाचा हात धरून आपण पहिले अक्षर काढून घेतो. पुढे हात सोडावा लागतो. तो केव्हा सोडावा हे आपल्या समाजाला कळते; हात सोडल्यावरही पाठीशी उभे कसे राहावे, हे आता शिकावयाचे आहे.